शापातसुद्धा भाकर होती

माझी मोठी मावशी तिसऱ्या बाळंतपणात गेली. १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. जालना जिल्ह्यातलं गाव, भर पावसाळा, ओढ्याला पाणी आलेलं, बैलगाडी अलीकडेच अडकली. मी ११ वर्षांचा होतो. मातीला तालुक्याहून पाळक, म्हणजे आमचे ख्रिस्ती धर्मगुरू, आले. त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि त्यातल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय वाचला. पहिल्या बाईनं, हव्वेनं, मना केलेल्या झाडाचं फळ खाल्लं, म्हणून देवानं स्त्रीला सांगितलं की तुला वेदना सोसूनच लेकरं होतील. मग ते म्हणाले, मरण हे पापाचं वेतन आहे, आपण देवाच्या न्यायापुढे मान तुकवू या. माणूस वाईट नव्हता. उघड्या खड्ड्यापुढे उभं राहून काहीतरी बोलणं भाग होतं, आणि त्यांना जे शिकवलं होतं ते ते बोलले.

परतताना आजी बांधावर बसली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून उत्पत्ती तिला पाठ झाली होती. कुणाकडेच न बघता ती म्हणाली, "त्याला ठावं नव्हतं का, हे खातील म्हणून? मंग झाड लावलंच कामून?"

मामा म्हणाला, "आई, असं बोलू नाही."

"माझी लेक गेली," आजी म्हणाली. "म्या नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?"

आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी अजून दर रविवारी उपासनेला जातो, प्रार्थना करतो, आणि तिचा प्रश्न सोबत नेतो. आदाम-हव्वेच्या एदेन बागेतला देव चांगला आहे का, हे विचारण्याचा हक्क श्रद्धावान माणसाला आहे, एवढंच मला आज मांडायचं नाही. हा प्रश्न न विचारल्यामुळे आपल्या भागात माणसांचं प्रत्यक्ष नुकसान झालं आहे, आणि अजून होतं आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी कथा नीट वाचू. ती आपण इतक्यांदा ऐकलेली असते की वाचायची राहून जाते. तिच्यात सफरचंद नाही. सैतान नाही, सर्प आहे, आणि तो देवानंच घडवलेल्या प्राण्यांतला एक आहे. 'पाप' हा शब्द त्या अख्ख्या अध्यायात येत नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, काइन आणि हाबेल या त्यांच्या मुलांच्या गोष्टीत. हव्वेच्या चुकीमुळे प्रत्येक लेकरू जन्मतःच दोषी ठरतं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. तो सिद्धान्त उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांचा आधार घेत, चौथ्या-पाचव्या शतकांत पक्का केला. हे पुस्तक मुळात ज्यांचं, त्या ज्यूंच्या परंपरेत जन्मजात पापाची ही शिकवण नाही. आमच्या शेजारच्या मुसलमान घरांत जे कुराण वाचलं जातं, त्यातही आदम आणि त्याची बायको दोघंही चुकतात, दोघंही क्षमा मागतात, आणि ती मिळते. सगळा दोष बाईच्या पदरात घालायचं काम तिथे होत नाही.

ही नंतरची पुटं खरवडून काढल्यावर जे उरतं, ते मात्र आणखी अवघड आहे. देव बागेच्या मध्यभागी बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं झाड लावतो आणि सांगतो की याचं फळ खाऊ नका, ज्या दिवशी खाल त्या दिवशी मराल. ज्यांना तो हे सांगतो त्यांना अजून बरंवाईट कळतच नाही. आज्ञा मोडणं वाईट, हे कळायला जे ज्ञान लागतं तेच त्या झाडावर टांगलेलं आहे. सर्प म्हणतो, तुम्ही मरणार नाही, तुमचे डोळे उघडतील आणि तुम्ही देवासारखे बऱ्यावाइटाचे जाणते व्हाल. ते खातात. त्या दिवशी कुणी मरत नाही. पाचव्या अध्यायाच्या हिशेबानं आदाम ९३० वर्षं जगला. डोळे उघडतात. आणि देव स्वतःच म्हणतो की माणूस आपल्यापैकी एकासारखा झाला आहे. सर्पाचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं आणि देवाचं ठरलं नाही. दोन हजार वर्षं टीकाकार ही गाठ सोडवत आहेत: मरण आत्मिक होतं, देवाचा दिवस हजार वर्षांचा असतो, मरण त्या दिवशी सुरू झालं. मी ही उत्तरं प्रामाणिकपणे वाचली आहेत. त्यांतलं एकही आजीला सांगायची माझी हिंमत झाली नसती.

सगळ्यांत जास्त सांगितलं जाणारं उत्तर म्हणजे इच्छास्वातंत्र्य. देवानं माणसाला बाहुलं केलं नाही, निवड दिली. निवड खरी असायची तर चुकण्याची वाटही खरी हवी. हे मला पटतं, मोठ्या माणसांबाबत पटतं. पण आमच्याकडे शेतात पाणी न लागलेली बोअर तशीच उघडी सोडतात आणि कधीतरी त्यात लेकरू पडतं. तेव्हा गाव काय म्हणतं? त्या लेकराला 'तिकडं जाऊ नको' असं सांगितलं होतं, एवढ्यावर शेताच्या मालकाला सोडतं का? झाकण का नव्हतं, हेच प्रत्येक जण विचारतो. दुसऱ्या शतकातले इरेनियस हे ख्रिस्ती आचार्य आदाम-हव्वेला लहान लेकरांसारखे, अजून वाढायचे असलेले मानत. तसं असेल तर मालकाला विचारायचा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

इथे काही वाचक म्हणतील की ही पुरातन कथा आहे, तिला इतकं खरं मानून भांडायचं कशाला. माझ्या मावशीच्या मातीला ती वाचली गेली म्हणून. कथा खरी घडली की नाही याच्याशी माझं फारसं देणंघेणं नाही. ती ज्यांच्यावर वाचली जाते ती माणसं खरी आहेत.

एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी १८४७ साली बाळंतपणाच्या कळा कमी करायला क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढे हेच वचन ठेवलं गेलं की स्त्रीच्या वेदना देवानं नेमल्या आहेत, त्यात हात घालू नये. धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून सिम्पसन यांना त्याच वर्षी पुस्तिका काढावी लागली. त्यांचा एक मुद्दा कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. त्याच शापात देवानं जमीन काटेकुसळं उगवील असं म्हटलं आहे. मग तण उपटणाऱ्या शेतकऱ्याला आजवर कुणी देवद्रोही का म्हटलं नाही? खुरपणी चालते आणि बाईच्या कळा कमी केलेल्या चालत नाहीत, हा न्याय कुणाचा? दुसरा मुद्दा असा की आदामाची फासळी काढताना देवानंच त्याला आधी गाढ झोपवलं होतं. पुढे आपल्याच निजाम राज्यात, हैदराबादला, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मची तपासणी करायला दोन आयोग बसले. म्हणजे क्लोरोफॉर्म मराठवाड्याच्या तेव्हाच्या राजधानीपर्यंत येऊन पोचलं होतं. ओढ्यापलीकडच्या मावशीपर्यंत शंभर वर्षांनीही डॉक्टर पोचला नाही. वचन मात्र पोचलं.

आता त्या शापाचंच बघा. हिब्रू मजकुरात 'शापित' हा शब्द दोघांनाच लावला आहे, सर्पाला आणि जमिनीला. आदाम आणि हव्वा यांना तो लावलेला नाही. बाईच्या वाट्याचं दुःख आणि पुरुषाच्या वाट्याचे कष्ट या दोन्हींसाठी मूळ शब्द एकच आहे, इत्साबोन. बाईला ते गर्भात, पुरुषाला रानात. आणि पुरुषाला सांगितलं आहे की तू निढळाच्या घामानं भाकर खाशील.

या ओळीपाशी मी नेहमी थांबतो. ही ओळ शिक्षा म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात घाम गाळणाऱ्याला भाकर मिळेल, हे गृहीत धरलेलं आहे. देवाच्या रागाच्या भरातल्या बोलण्यातसुद्धा घामाला भाकरीची हमी आहे. आमच्याकडे तीही नाही.

दसरा झाला की बीडच्या, जालन्याच्या गावांतून ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. उचल आधीच घेतलेली असते आणि बहुधा खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, त्याला मुकादम सहसा घेत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की माणसानं एकटं असणं बरं नाही, आणि पुढे दोघं एकदेह होतील असं लिहिलं आहे. तो एकदेह आमच्याकडे मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणून लिहिला जातो. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात नवऱ्याच्या मागे मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, पोटुशी असली तरी चढते. एक दिवस पडून राहिली तर खाडा धरतात आणि पैसे कापतात. एदेनमध्ये दुःख दोघांत वाटलं होतं, गर्भाचं तिला आणि रानाचं त्याला. फडातल्या बाईला दोन्ही वाटे मिळाले आहेत.

आणि मग गर्भाशयच काढून टाकायचं. पाळी नाही, तर खाडा नाही. राज्य सरकारनं २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांत पंचविशी-तिशीतल्याही बायका होत्या. त्यांना कुणी हव्वेची गोष्ट सांगितलेली नसते. 'बाईच्या जातीला हे आलंच' एवढं एक वाक्य सांगितलेलं असतं. ते वाक्य उत्पत्तीतल्या वाक्याचं सख्खं भावंड आहे. दोन्ही वाक्यं ऐकल्यावर डॉक्टर, मुकादम आणि कारखाना यांना कुणी काही विचारत नाही.

'शापित मराठवाडा' हा शब्द तर आता वर्तमानपत्रांच्या मथळ्यात छापून छापून गुळगुळीत झाला आहे. दुष्काळ पडला की तो बाहेर येतो. मला त्याचा फार राग आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. त्याच मांजरा खोऱ्यात वर्षानुवर्षं ऊस वाढत होता आणि साखर कारखाने चालत होते. पाणी कुणाच्या रानात गेलं याचा हिशेब मागता येतो. शापाचा हिशेब कुणाकडे मागणार? माती शापित आहे म्हटलं की कालव्याचं, उपशाचं, पिकाच्या निवडीचं सगळं बोलणं संपतं.

माझ्या आजीनं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली. मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकर खाल्ली, सुकडीसाठी लेकरांना रांगेत उभं केलं. ती त्या कामाबद्दल कधी कडवटपणे बोलली नाही. "हात फुटले, पर भाकर भेटली," असं म्हणायची. त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी घेतलेले कष्ट आहेत. मी त्या कायद्याकडे धार्मिक माणूस म्हणून बघतो. घामाला भाकर मिळालीच पाहिजे, ही उत्पत्तीतली गोष्ट माणसांनी विधिमंडळात बसून कागदावर आणली. देवानं ती शाप म्हणून सांगितली होती. आमच्यासाठी ती मागणी ठरली.

किल्लारीचं बोललंच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं थकून झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं गेली, हजारो माणसं गेली. आमच्या चर्चच्या मंडळीनं धान्य आणि कपडे गोळा केले, मीही पोरगेला असताना एका टेम्पोतून सास्तूरकडे गेलो. तिथे एका तंबूत मी ऐकलं की विसर्जनात काहीतरी चुकलं असणार. परत आल्यावर दुसऱ्याकडून ऐकलं की मूर्तिपूजेचं फळ. दोन वेगळ्या धर्मांतली माणसं अगदी एकच गोष्ट बोलत होती, की मेलेल्यांचंच काहीतरी चुकलं.

त्यांना मारलं ते भिंतींनी. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारी, पैसा नसताना आसपासच्या दगडातून उभी राहणारी घरं. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं तेव्हा फ्रेंच लेखक व्होल्तेरनं देवाच्या चांगुलपणावर बोट ठेवलं, आणि तत्त्वज्ञ रूसोनं त्याला उत्तर दिलं की इतकी उंच घरं निसर्गानं बांधली नव्हती. रूसोचं बरोबर होतं. पण तेवढ्यानं व्होल्तेरचा प्रश्न मिटत नाही. भिंत माणसाची, जमीन कुणाची? पहिल्या अध्यायात देव आपल्या कामाकडे बघून सात वेळा 'चांगलं' म्हणतो, शेवटच्या वेळी तर 'फार चांगलं'. ते काम तेव्हाही आतून तडकणारंच होतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असं म्हटलं. हेतू केवढा मोठा होता. तरी रवींद्रनाथ ठाकूरांनी जाहीर विरोध केला, आणि या बाबतीत मी ठाकूरांच्या बाजूचा आहे. अस्पृश्यता पाप आहेच. पण भूकंपात दबून मेलेल्यांत अस्पृश्यही होते. मग दंड कुणाला झाला?

गावकुसाबाहेरच्या आमच्या पूर्वजांना तर हे नवं नाही. ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, मांग-महार कुटुंबांना तिथे जमीन आणि शाळा दिली. बेथेल म्हणजे देवाचं घर. त्या काळात आमच्या घराण्यानं धर्म बदलला. त्याआधी त्यांना सांगितलं जायचं की तुमची ही अवस्था मागच्या जन्मीच्या पापामुळे आहे. नव्या धर्मानं शाळा दिली, दवाखाना दिला, माणूस म्हणून पंगतीला बसवलं. त्याचं ऋण मी मानतो. पण त्याच धर्माच्या काही उपदेशकांनी मागच्या जन्माच्या जागी पहिल्या आईबापांचं पाप आणून ठेवलं. खातं बदललं, कर्ज तेवढंच राहिलं. माझ्या पणजोबांनी एवढं सोसून घर बदललं ते यासाठी खास नव्हतं.

आणि गंमत अशी नाही, तर वेदना अशी आहे की ज्या पुस्तकाच्या नावानं हे केलं जातं त्या पुस्तकाला ते मान्य नाही. सदोम या पापी ठरवलेल्या शहराचा नाश करायला निघालेल्या देवाला अब्राहाम अडवतो आणि विचारतो, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? मग ५० नीतिमानांवरून घासाघीस करत १० वर आणतो. देव रागावत नाही. लेकरं आणि मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्या उकिरड्यावर बसून त्याला समजावतात की तू काहीतरी केलं असशील, देव अन्याय करत नाही. ईयोब ऐकत नाही, देवालाच कोर्टात खेचण्याची भाषा करतो. शेवटी देव बोलतो तेव्हा तो मित्रांवर चिडलेला आहे: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणाऱ्यांनाच देवानं खोटं पाडलं. (त्या पुस्तकाचा शेवट मला तरीही सलतो. ईयोबाला पुन्हा दहा लेकरं होतात म्हणून पहिली दहा भरून निघत नाहीत. आजीला विचारा.)

येशूला शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारलं की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं. तो म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोआमचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, त्याविषयीही त्यानं विचारलं: ते यरुशलेमातल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? मी सांगतो, नाही. पुढे त्यानं ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगितलं, ते मी लपवत नाही. पण ते जिवंत माणसांना सांगितलं, ढिगाऱ्याखालच्यांना नाही. कोसळलेल्या भिंतींबद्दल इतकं स्पष्ट वचन हाताशी असताना किल्लारीनंतर ते कुणी का वाचलं नाही, हे मला आजही कळत नाही.

देवाशी भांडणं आपल्या मातीलाही परकं नाही. गंगाखेडची जनाबाई अंगणात उभी राहून 'अरे विठ्या विठ्या' म्हणत देवाला शिव्या घालते, आणि वारकरी तो अभंग सात शतकं जपून गातात. भावना दुखावल्याची तक्रार घेऊन कुणी तिच्या दारात गेलं नाही. दळताना-कांडताना जिला देव जवळचा वाटला, तिलाच त्याच्यावर ओरडता आलं. माझी आजी ख्रिस्ती होती, पण बांधावर बसलेली ती मला जनाबाईच्या ओळीतलीच वाटते.

मग मी अजून उपासनेला का जातो? तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक बारीकशी ओळ आहे. बागेबाहेर काढण्याआधी देव त्या दोघांसाठी कातड्याचे कपडे करतो आणि स्वतः त्यांच्या अंगावर घालतो. मराल म्हणून धमकावलेल्या लेकरांना मारवत नाही, घराबाहेर काढताना थंडी वाजेल म्हणून पांघरूण करून देतो. रागावलेला, पस्तावलेला बाप मी पाहिला आहे. या ओळीत तो मला ओळखीचा वाटतो. या देवाला मी 'फार चांगला' म्हणू शकत नाही. त्याच्याशी बोलणंही मला सोडवत नाही.

आमच्या मंडळीच्या बैठकीत मी गेल्या वर्षी एक ठराव मांडला: बाळंतपणात गेलेल्या बाईच्या मातीला उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचू नये, लूकचा तेरावा, त्या बुरुजाच्या गोष्टीचा, वाचावा, आणि त्याच वेळी गावातून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याची चौकशी करायला दोन माणसं नेमावीत. ठराव मंजूर झाला नाही. वचनांत निवड करणारे आपण कोण, असं एक वडीलधारे म्हणाले. निवड तर त्या पाळकांनीही केली होती, एवढं मी त्यांना नम्रपणे सांगितलं. यंदा मी तो पुन्हा मांडणार आहे. रस्त्याच्या चौकशीला मात्र कुणाचीच हरकत नव्हती, ती सुरू झाली आहे. ओढ्यावरच्या पुलाचा अर्ज तहसीलमध्ये दिला आहे.

ईस्टरच्या पहाटे आम्ही दफनभूमीत जातो. त्याच्या दोन दिवस आधी मी खुरपं घेऊन मावशीपाशी जातो. गाजरगवत वाळून कडक झालेलं असतं, कुसळं धोतराला चिकटतात. सगळं काढून, पाणी मारून यायला तासभर लागतो.